चिंचभाट गल्लीतली बिघडलेली हवा

१

चोरी झाली की वस्तू जाते, खून झाला की माणूस जातो. चिंचभाट गल्लीत मात्र काहीच गेलं नव्हतं. उलट नको ते वाढलं होतं. तिथल्या हवेत धूर वाढला होता, तोही मधूनच, कोणाच्या तरी लहरीप्रमाणे. तो कोण करतं हे सोमवारच्या आत शोधून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

मी सुमेधा टिपणीस. स्वच्छ वाहतूक निधी नावाच्या सरकारी कचेरीत दक्षता अधिकारी आहे. म्हणजे निधीचा पैसा घेऊन कोणी काय दिवे लावले ते बघायचं. कचेरी परळला, घर दादरला. घरी मी एकटीच असते. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी मान वाकडी करून हळूच विचारायला नको.

तर प्रकरण असं. आमच्या निधीतून गिरगावात मेट्रो स्टेशन ते चर्नी रोड अशी विजेवर चालणारी एक लहानशी बस वर्षभरापूर्वी सुरू झाली. लोक तिला 'छोटी' म्हणतात. तिच्यासाठी चिंचभाट गल्लीतलं पार्किंग उठवलं, शेअर टॅक्सी नाक्याबाहेर काढल्या. पूर्वी त्या गल्लीत रुग्णवाहिका शिरली की ती बाहेर पडायला पेशंटचं नशीब लागायचं. आता रस्ता मोकळा झाला. पण आमचा पैसा असा सहजासहजी सुटत नाही. अट होती की वर्षभरात गल्लीतली हवा सुधारली पाहिजे. सुधारली तर बस चालू राहील, नाहीतर बंद.

हवा मोजायला गल्लीतल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या गजांना एक पांढरी पेटी लावली होती. ती रात्रंदिवस हवा हुंगायची आणि आकडे आमच्या कचेरीत पाठवायची. पावसाळ्यापर्यंत सगळं झकास होतं. गणपती झाले आणि मग एखाद्या दिवशी आकडा असा उसळायला लागला की गल्लीत कोणी होळीच पेटवली असावी.

"हे बघा," आमचे साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "आकडा उसळला त्या प्रत्येक दिवशी आपला टेक्निशियन हेरंब तिथे गेलेला आहे. प्रत्येक! मध्ये तो काविळीने रजेवर होता. तेव्हा एक दिवस सोडला तर हवा स्वच्छ. हा परत आला, हवा परत काळी."

"तो सोडलेला एक दिवस कसला?"

"असेल काहीतरी. अपवाद." साहेबांनी हात झटकला. "टॅक्सीवाल्यांनी पोराचे हात ओले केले असणार. सोमवारी समिती बसतेय. आपलाच माणूस निघाला तर बस जाईल ती जाईल, त्याची नोकरीही जाईल. मला तुमचा अहवाल हवा, टिपणीस बाई."

साहेबांना अपवाद आवडत नाहीत. माझं पोट अपवादांवरच चालतं, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल जरा माया आहे.

बाहेर बाकावर हेरंब बसला होता. बुधवारपासून त्याला पेटीच्या आसपास फिरकायची बंदी होती, आणि चौकशी होईपर्यंत पेटीही बंद ठेवली होती. मला बघून तो उठला.

"मॅडम, मी काही नाही केलं," तो म्हणाला. "पण एक सांगतो. पेटी बिघडलेली नाही. मी स्वतः चेक केलीय. धूर खरा आहे."

२

मी त्याला खालच्या कँटीनमध्ये नेलं. संशयिताला टेबलापलीकडे बसवून प्रश्न विचारले की तो वकिलासारखा बोलतो. समोर वडा ठेवला की माणसासारखा बोलतो.

हेरंब तिशीच्या आतला, बारीक, कावीळ नुकतीच उतरलेला. आई चिपळूणकडे गावी, हा घोडपदेवला एका खोलीत दोन रूम पार्टनरांबरोबर. ते दोघेही रात्रपाळीचे, म्हणजे खोलीत माणसं तीन, पण बोलायला कोणी नाही.

"तू पेटीकडे जातोस कधी?"

"महिन्यातून एकदा सफाईला. आणि आकडा लिमिटच्या वर गेला की लगेच, त्याच दिवशी. रूलच आहे. कचेरीतून फोन येतो, हातातलं काम टाकून जायचं, पेटी तपासायची, रिपोर्ट टाकायचा."

"म्हणजे आकडा वाढला म्हणून तू गेलास. की तू गेलास म्हणून आकडा वाढला?"

"मॅडम, हे तर कोंबडी आधी की अंडं आधी, तसलं झालं."

कोंबडी-अंड्याचा निकाल लागत नाही. याचा मात्र लागण्यासारखा होता. साहेबांनी फक्त तारखा जुळवल्या होत्या. मी फोनवर त्या दिवसांच्या वेळा काढल्या. प्रत्येक वेळी आकडा चढला होता सकाळी, आणि हेरंब पोचला होता दुपारी. तो गल्लीत पाय ठेवेपर्यंत धूर विरूनही गेलेला असायचा. म्हणजे धूर आधी, हेरंब नंतर.

पण एवढ्याने तो सुटत नव्हता. साहेब म्हणतील, त्याने कोणाकरवी करून घेतलं. खरा माणूसच समोर उभा करायला हवा होता.

"आणखी एक बघा," हेरंब वड्याचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला. "पेटी दोन गोष्टी मोजते. एक बारीक धूळ-धूर आणि दुसरं गाड्यांच्या सायलेन्सरमधून निघणारा गॅस. त्या दिवशी गॅस वाढतच नाही. नुसता धूर."

"म्हणजे गाडी नाही. तिथे काहीतरी जळतंय."

"हो. पण मी जातो तेव्हा काहीच नसतं."

"पेटी कोणाच्या गॅलरीत आहे?"

"राजलक्ष्मीआजींच्या. त्रिलोकेकर. एकट्याच राहतात." पहिल्यांदा त्याचा चेहरा जरा सैल झाला. "तिथेच लावायला लागली. बाकी बहुतेक बिऱ्हाडांना दिवसा कुलूप असतं. आम्हाला असं घर लागतं जिथे दार उघडायला कायम कोणीतरी असेल. आजी कुठेच जात नाहीत."

जागा निवडायचा हा नियम आमच्याच कचेरीचा होता. त्याखाली सही करणाऱ्यांत मीही असेन, आठवत नाही.

"आणि मॅडम, जेवल्याशिवाय सोडत नाहीत," हेरंब सांगत होता. "खानावळीचं खाऊन खाऊन जीभ मेलीय माझी. आजी कोबी-कोलंबीचं काहीतरी करतात, वड्या पाडलेल्या. खालून-वरून खरपूस. एक नंबर."

कोलंबीच्या वर्णनाने तपास पुढे सरकत नाही, असं तेव्हा मला वाटलं. मी बिल दिलं आणि गिरगावची वाट धरली.

३

चिंचभाट गल्लीच्या तोंडाशीच वैभव भेटला. शेअर टॅक्सीवाल्यांचा पुढारी. 'ही बस मी बंद पाडून दाखवीन' असं तो भर सभेत म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. बॉनेटला टेकून तो केळं खात होता.

"बोललो होतो ना मी!" त्याने साल डब्यात टाकलं. "मॅडम, छोटीने आमच्या पोटावर पाय दिलाय. खोटं कशाला बोलू? अर्धे पॅसेंजर तिकडे गेले."

"मग बंद पडली तर बरंच."

"बरं काय त्यात?" तो चिडला. "माझी म्हातारी डायलिसिसला त्याच बसने जाते. टॅक्सीत तिला वाकून बसता येत नाही. छोटीची पायरी खाली आहे, ड्रायव्हर थांबतो, हात देतो. घरी आली की मला सांगते, तुझ्यापेक्षा तो बरा. आता सांगा, मी बसला शिव्या देऊ की आरती ओवाळू?"

असा वैतागलेला माणूस शिव्या देतो, पण कटबिट करत नाही. शिवाय त्याच्या सगळ्या टॅक्सी नाक्याबाहेर होत्या. मी त्याच्या नावावर काट मारली आणि आत वळले.

दुसरे गुरुदत्त आगासकर, त्याच इमारतीचे सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त. बसमुळे यांच्या मोटारीची दारातली जागा गेली होती आणि तेव्हापासून आमच्या कचेरीला यांच्या तक्रारींचा रतीब चालू होता. मला वाटलं होतं, हवा बिघडल्याचं ऐकून यांना आनंद होईल. झालं उलटंच.

"हवा बिघडली हे तुम्हाला आज कळलं?" ते दारातच कडाडले. "मी केव्हापासून सांगतोय. अहो, सकाळी खिडकी लावून घ्यावी लागते मला. कोळशाचा धूर! तो खालचा परीट आहे ना, कोंडीराम, त्याचे प्रताप. मी त्याला दोनदा तंबी दिलीय. ऐकतो कुठे?"

"तुमची गाडी असते कुठे आता?"

"ताडदेवला. पुतण्याकडे." मग आवाज एकदम खाली आला. "तसा मी हल्ली फारसा बाहेर जात नाही. न्यायचं कोणाला?"

 त्यांनी दार लावून घेतलं. धूर खरा आहे याला आता दुसरा साक्षीदार मिळाला होता, आणि धुराला नावही मिळालं होतं.

कोंडीरामचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी. बरोब्बर वर पहिल्या मजल्याची गॅलरी आणि गजांना ती पांढरी पेटी. कोंडीराम साठीचा, गुबगुबीत, शर्टाची कॉलर इस्त्रीने दाबत होता.

"कोळसा?" तो हसला. "कोळसा केव्हाच सोडला, मॅडम. ही बघा, गॅसची इस्त्री. ही नळी, हा सिलिंडर. सेक्रेटरीसाहेबांना उगाच वाटतं."

इस्त्री खरोखरच गॅसची होती. मी खाली वाकले. फळीच्या खाली, कपड्यांच्या गाठोड्यामागे, एक पोतं टेकवून ठेवलं होतं. त्याच्या तोंडाला कोरी सुतळी होती. मी बोट लावलं, ते काळं झालं.

"मग हे काय?"

"जुनं आहे."

"सुतळी नवीन दिसते."

कोंडीरामने इस्त्री उभी केली. त्याची नजर आपसूक वर गेली आणि लगेच खाली आली. गॅसवर इस्त्री करणारा माणूस नवा कोळसा कशाला आणून ठेवतो, असं मी विचारणारच होते. तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत वरून एक टोपली दोरीला लटकत हलकेच खाली आली आणि फळीसमोर येऊन थांबली.

"आज नको, आजी!" कोंडीराम घाईने ओरडला. "आज पाव्हणे आहेत!"

टोपली रिकामी होती. तिच्या बुडाशी कोळशाची काळी भुकटी होती.

४

पहिल्या मजल्यावर दार उघडंच होतं. मी वाजवायच्या आत आतून आवाज आला, "हेरंब? आलास का रे?"

राजलक्ष्मीबाई त्रिलोकेकर दारात आल्या. ऐंशीच्या पुढच्या, इस्त्रीचं सुती पातळ, अंबाड्यात एकच अबोलीचा गजरा. माझ्याकडे बघून हसल्या, मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"मी त्याच्याच कचेरीतून आले," मी म्हटलं.

"या, या. बसा. काल मी फार वाट पाहिली त्याची. बरं नाही का त्याला परत? कावीळ उलटते हो. पथ्य पाळत नाहीत ही मुलं."

माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी ताटली पुढे केली. या जुन्या प्रभू घरांची रीतच ती. आलेल्याला आधी खायला, मग चौकशी. ताटलीत कोबी-कोलंबीच्या वड्या होत्या. कालच्या, पण नीट झाकून ठेवलेल्या.

"भानोळं," मी म्हटलं.

"अगबाई, तुम्हाला कसं माहीत?"

"शाळेत देविका नावाची माझी मैत्रीण होती. तुमच्यातलीच. तिच्याकडे खाल्लंय." मी एक वडी उचलून उलटीसुलटी केली. खालून खरपूस, वरूनही खरपूस. स्वयंपाकघर बसल्या जागेवरून दिसत होतं. ओट्यावर दोन बर्नरची शेगडी, शेजारी मिक्सर. ओव्हन नाही, काही नाही. गॅसवर ठेवलेलं भानोळं खालून लाल होईल, वरून पांढरंच राहील. ते वरून भाजायचं तर झाकणावर निखारे ठेवावे लागतात. देविकाची आई तेच करायची, आणि आम्हा पोरींना ठिणगी उडेल म्हणून लांब बसवायची.

मला आता सगळं कळलं होतं. अशा वेळी माणसाला खूश व्हायला होतं म्हणतात. मी वडी ताटलीत परत ठेवली.

"आजी," मी म्हटलं, "कोळशाची शेगडी कुठे ठेवलीय?"

त्या जराही दचकल्या नाहीत. फक्त पदर सारखा केला. "गॅलरीत. तुळशीमागे. घरात कोंदतं ना."

पेटी तिथून हातभर अंतरावर.

"मी सांगते, काय झालं ते. चुकलं तर थांबवा मला," मी म्हटलं. "तुमच्या गॅलरीत पेटी लावली कारण तुम्ही कायम घरी असता. हेरंब महिन्याच्या सफाईला यायचा. एकदा येणार म्हणून त्याने आधी कळवलं असेल."

"फोन केला होता. विचारून येतो तो."

"मग तुम्ही भानोळं केलंत. कोंडीरामने बाजारातून कोळसा आणून दिला. निखाऱ्यांचा धूर पेटीत गेला, आकडा वाढला, कचेरीने त्याला परत पाठवलं. त्याला कारण सापडलं नाही, कारण तोवर शेगडी विझलेली होती. असं परत एकदा झालं असेल. आणि मग कधीतरी तुमच्या लक्षात आलं."

त्यांनी ताटली माझ्याकडे आणखी सरकवली.

"तो रजेवर होता तेव्हाही एकदा आकडा चढला. माझे साहेब म्हणतात, तो अपवाद. मला वाटतं, त्या दिवशीही तुम्ही शेगडी पेटवलीत. पण हेरंबच्या बदली दुसराच कोणी आला."

"संघर्ष की काय नाव होतं त्याचं," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "चांगला असेल हो मुलगा. पण सारखा फोन कानाला. पाणीसुद्धा घेतलं नाही. पेटी उघडली, मिटली, गेला. त्याच्यासाठी कशाला कोळसा जाळू मी?"

बाहेर रस्त्यावरून छोटी बस घंटी वाजवत गेली. त्या तिचा आवाज संपेपर्यंत थांबल्या.

"पहिल्या खेपेला खरंच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेलाही नाही. धूर म्हणजे मोटारींचा, असंच आपण धरून चालतो ना? माझ्या सासूबाईंपासून हीच शेगडी आहे. स्वयंपाकाच्या विस्तवाने हवा बिघडते, असं आमच्या मनात कसं येणार? मग हेरंबच म्हणाला, आजी, आकडा वाढला की मला यावंच लागतं. तो गमतीत म्हणाला. मी रात्रभर तेच घोळवत राहिले. आणि सकाळी कोंडीरामला हाक मारली."

"मुलगी आहे ना तुम्हाला?"

"सुरुची. बोरिवलीला असते." त्या हसल्या. "म्हणजे परदेशातच. फोन करते हो रविवारी. जेवलीस का विचारते. मी हो म्हणते. मग दोघींनाही काही सुचत नाही."

माझ्या घरी तर फोन विम्यावाल्यांचेच येतात, ते मी बोलले नाही.

"मी काही बेकायदेशीर केलं का?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण सोमवार दोन दिवसांवर होता.

"हेरंबवर आळ आलाय, आजी. कचेरीला वाटतंय की टॅक्सीवाल्यांचे पैसे खाऊन तो आकडे वाढवतो. त्याची नोकरी जाणार आहे. आणि बसही."

 राजलक्ष्मीबाई भिंतीला धरून उठल्या, कपाटाकडे गेल्या आणि आतली चांगली चप्पल काढली.

"चला," त्या म्हणाल्या.

५

जिन्यात कोंडीराम उभा होता. हात जोडून म्हणाला, "मॅडम, आजींना काही करू नका. त्या म्हणायच्या, पोरगा येतोय, कोळसा दे. मला वाटलं नातू आहे त्यांचा. नातवासाठी कोण नाही म्हणेल?"

"कोणी काही करत नाहीये त्यांना," मी म्हटलं. "बाजूला व्हा, उतरू द्या."

आम्ही छोटीची वाट बघत उभ्या राहिलो. वैभव समोरून बघत होता, पण टॅक्सी घ्या म्हणाला नाही. बस आली, पायरी खाली झाली, ड्रायव्हरने हात दिला. राजलक्ष्मीबाई आत बसून खिडकीतून आपल्याच गॅलरीकडे वर बघत राहिल्या.

"वर्षभर दारावरून जाते ही. आज पहिल्यांदा बसले."

"का हो? तुम्हाला तर तिकीटही पडत नाही."

"जाते स्टेशनापर्यंत, ते खरं. पण मला जायचं कुठे होतं?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले. दक्षता अधिकाऱ्याने प्रवासात रडू नये, असा लेखी नियम नसला तरी तो मी पाळते.

पुढे टॅक्सीने परळ गाठलं. साहेबांच्या खोलीत राजलक्ष्मीबाई खुर्चीत ताठ बसल्या आणि शेगडीपासून टोपलीपर्यंत सगळं सांगून मोकळ्या झाल्या. एकदाही आवाज कापला नाही. शेवटी म्हणाल्या, "त्या मुलाने फक्त जेवण केलं. जेवण हा गुन्हा असेल तर तो मी वाढला, मला पकडा."

साहेब पेनाची उघडझाप करत राहिले. त्यांना अपवाद आवडत नाहीत हे मी म्हटलंच आहे. हा तर मूर्तिमंत त्यांच्या समोर बसला होता.

"ते दिवस गाळून उरलेले आकडे काढा," ते मला म्हणाले. मी ते आधीच काढले होते. ते दिवस सोडले तर चिंचभाट गल्लीची हवा चांगलीच सुधारली होती.

हेरंब दाराबाहेरच होता. त्याने सगळं ऐकलं होतं. आजी बाहेर आल्या तेव्हा तो त्यांच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याला मध्येच धरलं आणि म्हणाल्या, "मला माफ कर रे." तो म्हणाला, "काय आजी तुम्ही!"  लगेच त्याला दुसऱ्या कुठल्याशा पेटीसाठी हाक आली आणि तो पळाला.

सोमवारी समिती बसली. छोटीचा निधी मंजूर झाला. समितीने पेढे खाल्ले, आमच्या साहेबांनी भाषण केलं, आणि सर्वानुमते असंही ठरलं की हवामापक पेटी यापुढे कोणाच्या घराला लावायची नाही.

ते सांगायला मी स्वतः गेले. साहेब म्हणाले होते, पत्र टाका, पुरे. पण काही गोष्टी पत्राने सांगणं म्हणजे दाराखालून सरकवून पळून जाणं.

कामगार गज मोकळे करत होते. राजलक्ष्मीबाई खुर्चीत बसून बघत होत्या. शेगडी त्यांनी कोंडीरामला देऊन टाकली होती.

"बस राहिली ना?" त्यांनी विचारलं.

"राहिली."

"आणि हेरंब?"

"तोही राहिला. नोकरीत पक्का झाला."

"बरं झालं. फार बरं झालं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पेटी कोणाकडे देणार आता?"

"कोणाकडे नाही. नाक्यावर खांब उभा केलाय, त्याच्यावर बसवणार."

"खांबावर." त्यांनी मान हलवली. "म्हणजे तिथे कोणी राहत नाही."

"नाही."

"मग उन्हातान्हात उभ्याउभ्याच काम करणार हेरंब. पाणी कोण देणार त्याला?"

 कामगारांनी पेटी खोक्यात घातली आणि 'येतो आजी' म्हणून खाली उतरले. गजांवर चार स्क्रूंची भोकं राहिली. गजांमधून समोरची भिंत दिसत होती, एरवीही तीच दिसत असणार. माझं काम संपलं होतं. पर्स उचलून मी निघाले, आणि दाराशी, सगळे म्हणतात तसं, अगदी सहज म्हणाले, "येईन हं मी एखाद्या दिवशी."

"एखाद्या दिवशी," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "सुरुचीही तेच म्हणते. एखादा दिवस कॅलेंडरात नसतो हो. वार सांगा."

आठवड्याचे सातही वार माझे मोकळे होते. कचेरी सुटल्यावर माझी वाट बघणारं कोणी नव्हतं, घरी गेले तर ओट्याशी उभ्याउभ्या जेवायचं आणि दिवा मालवायचा. तरी मला एक वार सांगता येईना. कोणाला तरी वार द्यायची सवय मोडली की ती किती मोडते, हे त्या दारात उभं राहून मला कळलं, आणि मला माझीच फार कीव आली.

त्या थांबल्या होत्या. माणसं जिन्यावरून परत फिरतात हे पाहिलेल्या बाईसारख्या, न रागावता, शांतपणे थांबल्या होत्या.

"बुधवार," मी म्हटलं.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.